मेमरी गेली कुठे?

रात्री पावणेतीनला वाजणारा फोन चांगली बातमी घेऊन येत नाही. 2018 सालच्या जुलैत मला असा फोन सलग तीन रात्री आला. एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतले रिपोर्ट वॉर्डातल्या कॉम्प्युटरवर पोचवणारा प्रोग्रॅम आम्ही सांभाळत होतो. तो मध्येच बंद पडायचा. अतिदक्षता विभागातल्या सिस्टर फोनवर विचारत होत्या, "रक्ताचा रिपोर्ट आणायला माणूस पाठवू का?"

प्रोग्रॅम आपणहून बंद पडत नव्हता, त्याला मारलं जात होतं. मेमरी संपत आली की लिनक्स बाकीचं यंत्र वाचवण्यासाठी बळी देतं, आणि तो बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्याचा. आमचा प्रोग्रॅम एरवी दीड जीबीत भागवायचा. आता तो 14 जीबीपर्यंत फुगत होता.

त्याच आठवड्यात आमच्याकडच्या एका नव्या मुलाने लिहिलेला भाग चालू झाला होता. मी निदान करून टाकलं: हा घेतलेली मेमरी परत करत नाही. आमच्या धंद्यात याला 'लीक' म्हणतात, म्हणजे गळती. सगळ्यांसमोर त्याला नको ते बोललो. तो एवढंच म्हणाला, "सर, मोजून बघूया का?"

मोजलं. प्रोग्रॅमने मागितलेली आणि अजून परत न केलेली मेमरी भरली जेमतेम सव्वा जीबी. मग बाकीची कुठे? मेमरीचा नकाशा दाखवणारी 'पीमॅप' ही कमांड चालवली, तर पडद्यावर 64 एमबीच्या तुकड्यांची ही रांग!

लग्नघरातली कोठी आठवा. कोठी एकच असली की आचाऱ्यांची दाराशी गर्दी होते. म्हणून वेगवेगळ्या कोठ्या करून दिल्या. गर्दी टळली, पण उरलेला रवा-साखर ज्या त्या कोठीत पडून. वाण्याकडे परत जात नाही आणि शेजारच्या कोठीलाही उपयोगी पडत नाही. लिनक्सवर मेमरीचं वाटप करणारं 'जीलिबसी' असंच वागतं. या कोठ्यांना 'अरीना' म्हणतात. 64 बिटच्या यंत्रावर त्या प्रोसेसरच्या कोअरच्या आठपट होऊ शकतात. आमच्या प्रोग्रॅममध्ये तर दोनशेवर थ्रेड, म्हणजे आचारी, एकाच वेळी राबत होते.

आणि त्याच आठवड्यात आणखी एक गोष्ट झाली होती, जी मी सोयीस्कर विसरलो होतो. सर्व्हर बदलला होता. जुन्याला 4 कोअर, म्हणजे फार तर 32 कोठ्या. नव्याला 32 कोअर, म्हणजे 256 पर्यंत! हा महागडा सर्व्हर घ्याच, असा आग्रह माझाच होता.

उपाय एका ओळीचा निघाला. 'मॅलॉक अरीना मॅक्स' या सेटिंगमध्ये 2 हा आकडा घातला आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. वेग किंचित उतरला, पण मेमरी पावणेदोन जीबीच्या वर गेली नाही. त्या रात्री फोन वाजला नाही. मी मात्र पावणेतीनला टक्क जागा होतो.

सकाळी त्या मुलाची सगळ्यांसमोर माफी मागितली. तो लाजून म्हणाला, "सर, मोजताना माझ्या भागातही एक बारीकशी गळती सापडली. दुपारपर्यंत दुरुस्त करतो."