झाडींतला अभंग आणि ऑर्गन

ज्या नभोवाणीवरून मी आज ऑर्गनविषयीं चार शब्द बोलणार आहें, तिनेंच या वाद्याच्या कुळाला एकदां दाराबाहेर उभें केलें होतें. १९४० च्या मार्चपासून पेटीला नभोवाणीवर मज्जाव झाला, आणि तो सैल व्हावयास १९७१ साल उजाडावें लागलें. दिल्ली केंद्रावरील पाश्चात्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्स यांनीं पेटीविरुद्ध लेखणी चालविली होती. रवींद्रनाथांनाही ती रुचत नसे. या मंडळींचा आक्षेप पोकळ नव्हता, हें मी आरंभींच कबूल करतों. तरीसुद्धां देवाचें नांव घेणारा एकटा गळा आणि ऑर्गन यांची जोडी मला प्रिय आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालावा हें मला बरेच दिवस उमगत नव्हतें. तो मेळ वैनगंगेच्या पलीकडे, धान कापून मोकळ्या झालेल्या एका बांधींत मला ऐकावयास मिळाला.

आक्षेप काय, तें आधीं पाहूं. सप्तकाचे बाराशें सारखे भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या तारेंतून जो गंधार आपोआप कानीं येतो तो ३८६ व्या भागापाशीं असतो. पेटीची पट्टी मात्र तो ४०० व्या भागावर ठेवते. चौदा भागांचा हा चढ क्षुल्लक वाटेल. पण भूप किंवा यमन गाणाऱ्याला तो नखांत गेलेल्या कुसळासारखा बोचतो. शिवाय पट्टीवर मींड नाहीं. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणें हा तर आपल्या गायनाचा प्राण! आणि सर्वांत वाईट गोष्ट ही, कीं पेटीच्या संगतींत वर्षें काढलेला गळा नकळत तिच्याच गंधारावर जाऊन बसतो.

आपल्या नाटकवाल्यांनीं ज्याला ऑर्गन म्हटलें, तो युरोपांतल्या मोठ्या देवळांतील नळ्यांचा ऑर्गन नव्हे. तो रीडचाच, म्हणजे पितळेच्या पातळ जिभांचा. पॅरिसच्या देबें यानें १८४२ त हार्मोनियमचें पेटंट घेतलें, त्याच घराण्यांतला हा चुलतभाऊ. पेटींत भात्याचा वारा जिभेवर दाबानें जातो, तर या ऑर्गनमध्यें तो आंत ओढला जातो. त्यामुळें सुराची धार बोथटते आणि तो गोलसर, किंचित् ओलसर होतो. भाता पायांनीं चालत असल्यानें दोन्ही हात मोकळे राहतात. मिशनऱ्यांबरोबर अशीं वाद्यें प्रार्थनेसाठीं इकडे आलीं. येथें एक गंमत सांगण्याजोगी आहे. ज्या ख्रिस्ती देवळांतून हें वाद्य बाहेर पडून आमच्या नाटकगृहांत शिरलें, त्याच देवळांत रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं आमचा अभंग नेऊन बसविला. देवघेव अशी चालते!

गंधर्व नाटक मंडळींत हरिभाऊ देशपांड्यांचा ऑर्गन आणि कादरबक्षांची सारंगी शेजारीं शेजारीं वाजत. सारंगी गळ्यामागोमाग प्रत्येक वळण घेई. ऑर्गन मागें राहून जमीन धरी. १९३१ त ‘संत कान्होपात्रा’ रंगभूमीवर आलें, तेव्हां बालगंधर्वांच्या गळ्यांतील अभंगांना हीच जमीन मिळाली. शास्त्र शिकलेला गळा, संतांचे शब्द आणि खालीं ऑर्गनचा अखंड श्वास, असा तो त्रिवेणी संगम होता. पुढें गोविंदराव पटवर्धनांनीं ती परंपरा मोठ्या योग्यतेनें चालविली. परंतु शहरांतलें संगीत नाटकच विरळ झालें, आणि ऑर्गन अडगळींत गेला.

झाडीपट्टींत मात्र तसें झालें नाहीं. चंद्रपूर जिल्ह्यांतील ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही आणि १९८२ त वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील आरमोरी, कुरखेडा, देसाईगंज या मुलुखांत दिवाळीनंतर मंडईचे दिवस सुरू होतात. धान घरांत आलेलें असतें, लेकीबाळी माहेरीं येतात, पाहुण्यांनीं घरें भरतात आणि रात्रीं नाटक होतें. होळीपर्यंत हा क्रम चालतो. गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचें वडसा हें या मंडळ्यांचें ठाणें. हा हौशी पोरखेळ समजूं नये. कुरखेडा तालुक्यांतील गुरनोलीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ त पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील सेवेबद्दल. आणि या रंगभूमीच्या पुढ्यांत, तबल्याच्या शेजारीं, ऑर्गन अजून आपलें आसन राखून आहे.

मीं पाहिलेलें नाटक सामाजिक होतें, आणि खरें सांगावयाचें तर बेतांचेंच होतें. खलनायक फार ओरडे. रात्रीचे दोन वाजून गेले असतील. थंडी अशी, कीं माणसें घोंगडीसकट एकमेकांना टेकलेलीं. मुलानें घराबाहेर काढलेला म्हातारा बाप एकटाच पुढें आला आणि भूपाच्या अंगानें एक अभंग गाऊं लागला. त्याचा षड्ज काळी एक. मी वादकांच्या अगदीं जवळ बसलों होतों. गंधाराची, म्हणजे पांढरी चारची जागा आली कीं ऑर्गनवाला बोट उचली. एकदां झालें, दोनदां झालें. पट्टी मुकी आहे, तिची जीभ गेली आहे, हें माझ्या लक्षांत आलें. वरच्या सप्तकांतला गंधार त्याला घेतां आला असता; पण तो घेईना. डाव्या हातानें षड्ज आणि पंचम धरून तो नुसता भाता देत राहिला.

आणि त्या रिकाम्या जागेंत म्हाताऱ्याचा गंधार आला. पट्टीच्या गंधारापेक्षां तो तसूभर खालीं होता. जिथें तंबोरा त्याला ठेवतो, तिथें. षड्ज-पंचमाच्या आधारावर तो असा निवांत टेकला, कीं घोंगडींतलीं माणसें हलेनात. पट्टीला धरून गाण्याची संवय झालेला गळा पट्टी गप्प होतांच आपल्या घरीं परतला होता.

फोल्ड्ससाहेबांचा आक्षेप खरा आहे, परंतु तो ऑर्गनला लागू होण्यापेक्षां प्रत्येक सुराला बोट लावणाऱ्या वादकाला अधिक लागू आहे, असें मला त्या रात्रीं वाटलें. उघड्या शेतांत, पहाटेच्या गारठ्यांत, तीन तास संवाद बोलून थकलेल्या गळ्याला मागें टेकावयास एक न तुटणारा सूर हवा असतो. तंबोरा तेथवर पोंचणार नाहीं.

याच भूमींत याच्या उलट उदाहरणही आहे. चिमूरच्या रानांत साधना केलेले तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन करीत. खंजिरी सूर देत नाहीं; ती फक्त ताल देते आणि माणसाला चालावयास लावते. १९४२ त सरकारनें त्यांना चांद्यास पकडलें, तें त्या भजनांनीं माणसें जागीं होत म्हणूनच. खंजिरीचें भजन समुदायाला हांक घालतें. ऑर्गनवरचा अभंग मात्र एकट्याचा. तो ऐकणारे हजार असले तरी प्रत्येक जण आपापल्या घोंगडींत एकटाच असतो. दोहोंची तुलना करण्याचें मला कारण दिसत नाहीं.

हल्लीं ऑर्गनच्या शेजारीं विजेवर चालणारीं वाद्यें येऊन बसलीं आहेत. तीं हलकीं, स्वस्त आणि मोठ्या आवाजाचीं. त्यांना श्वास घ्यावा लागत नाहीं, आणि ऐकतांना तें कळतें. पायाचा भाता वादकाच्या छातीबरोबर फुलतो. गाणाऱ्यानें दम घेतला कीं वादकाचा पायही क्षणभर थबकतो. हें विजेच्या वाद्यावर करतां येणार नाहीं असें नाहीं, पण तें करण्याची गरजच तेथें उरत नाहीं.

नाटक संपलें तेव्हां पूर्वेला फटफटलें होतें. ऑर्गन चादरींत गुंडाळून मोटारीवर चढविला जात होता. त्या रात्रीं दुसऱ्या गांवीं प्रयोग होता. मीं ऑर्गनवाल्याला त्या मुक्या पट्टीबद्दल विचारलें. तो म्हणाला, “जुन्या ऑर्गनची जीभ घासून बसवणारा माणूस मिळत नाहीं, साहेब. दोन हंगाम झाले.” मग वरच्या सप्तकांतला गंधार कां घेतला नाहीं, असें मीं विचारलें. तो हंसला. “पहिल्या हंगामांत घेत होतों. मग बुवाच म्हणाले, राहूं दे.”