खडबडीत रस्ता, दुचाकी आणि पोटाचं बळ

आम्ही प्रभागातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या पाचजणी. माईकसमोर एकच बसली आहे, पण सांगणं पाचजणींचं आहे. विषय ऐकून काहीजणी हसतील. दुचाकी आणि पोटाचे व्यायाम.

त्याचं असं झालं. आमच्याकडे डांबर मोठ्या गावापर्यंत आहे. पुढे मुरूम, मग खडी उखडलेली चढण, आणि दोन ठिकाणी ओढ्यातून गाडी काढायची. गटाच्या सभा, वसुली, बँकेची कागदपत्रं असं करता करता आठवड्यातले चार दिवस आम्ही गाडीवर असतो. आधी स्कूटी होत्या. स्कूटीचं चाक लहान, ते खड्ड्यात पुरतं उतरतं. म्हणून तिघींनी मोटारसायकल घेतली. तिचं मोठं चाक खड्ड्याच्या कडेवरून निघून जातं. चाकाचा प्रश्न सुटला, कंबरेचा राहिला.

दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात जुन्या ताई म्हणाल्या, "मार्चपासून मला वाड्यांवर पाठवू नका. कंबर साथ देत नाही." त्या थांबल्या असत्या तर सहा वाड्यांचे गट थांबले असते, कारण तिकडे जायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्यांच्या घरच्यांचं म्हणणं आणखी वेगळं होतं. बाईमाणसानं गाडीवर अशी आदळआपट करून घेतली की पिशवी सरकते, म्हणे. त्यावर आमच्यातली सगळ्यात धाकटी म्हणाली, "डोंगरात नि वाळूत शर्यती लावणारे कोअरचा व्यायाम करतात. ताई, आपणही करू." ताई म्हणाल्या, "अगं, जन्मभर हंडे-कळश्या उचलल्या, तो व्यायाम नव्हे तर काय होतं?"

दोघींचंही म्हणणं तपासून बघायचं ठरलं. तालुक्याच्या दवाखान्यातल्या फिजिओथेरपी करणाऱ्या ताईंना भेटलो, त्यांनी आमच्यासाठी दोन दुपारी दिल्या. पुढचं बरंचसं त्यांच्याकडून शिकलेलं आहे.

कोअर म्हणजे शरीराचा गाभा. नुसतं पुढचं पोट नव्हे. वर छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा, पुढे आणि बाजूला पट्ट्यासारखे गुंडाळलेले पोटाचे स्नायू, मागे कण्याला धरून असलेले बारीक स्नायू, आणि खाली ओटीपोटाचा तळ, असा चारी बाजूंनी बंद डबा. धान्याचं पोतं अर्धं भरलं तर मधेच मुडपतं, गच्च भरून तोंड शिवलं तर ताठ उभं राहतं. हे सगळे स्नायू एकदम आवळले की आपलं धड त्या गच्च पोत्यासारखं होतं, आणि कण्याला आधार मिळतो.

आता गाडीचं बघू. कच्च्या रस्त्यावर सराईत चालक सीटवर बसून राहत नाहीत. खडबडीत जागा आली की फूटरेस्टवर उभे राहतात. गुडघे थोडे वाकलेले, मांड्यांनी टाकी धरलेली, कंबरेतून कुबड न काढता खुब्यातून पुढे वाकलेलं अंग, कोपर जरा बाहेर, आणि हात मात्र सैल. गाडी खाली हवी तशी उसळते, धक्का घोटे-गुडघे-खुबे झेलतात, कण्यापर्यंत थोडाच पोचतो. बसून राहिलं तर तोच धक्का सीटमधून थेट माकडहाडात.

हे सगळं जुळतं ते मधल्या गाभ्यामुळे. ब्रेक लागला की अंग पुढे जातं. पायांनी आणि पोटानं ते धरलं नाही तर सगळा भार हातांवर येतो, मग आपण हँडल आवळतो. हात ताठ झाले की प्रत्येक दगड हँडल फिरवू बघतो, आणि तासाभरात मनगटाच्या वरचा भाग दगडासारखा घट्ट होतो. क्लच दाबायलाही बोटं उचलत नाहीत. मातीच्या शर्यतीतल्या चालकांना हा त्रास सर्रास होतो. म्हणजे गाभ्याच्या बळाचा पहिला फायदा हातांना होतो, पोटाला नव्हे. आम्हाला हे नवीन होतं.

म्हणून नुसत्या पोटाच्या व्यायामावर भागतं का? नाही. ताईंनी आमची एक परीक्षा घेतली. जमिनीवरच गाडीवर उभं राहिल्यासारखं अर्धवट वाकून दोन मिनिटं थांबायला लावलं. दीड मिनिटातच चौघींच्या मांड्या लटलट कापायला लागल्या. पोटाचं कुणाला काही वाटलंच नाही! ज्यांच्या मांड्या थकतात त्या लवकर सीटवर बसतात, आणि एकदा बसल्या की पोट कितीही मजबूत असो, धक्का बसायचा तो बसतोच. शिवाय दम लागतोच. मोटोक्रॉसच्या शर्यतीत चालकाच्या हृदयाचे ठोके जवळजवळ कमाल मर्यादेला भिडतात, बसल्या जागी गाडी पळते असं तिथे काही नसतं.

स्पेनची लाया सान्झ ही बाई २०११ ते २०२१ अशी सलग ११ वर्षं डाकार रॅलीत मोटारसायकलवर उतरली. वाळवंटातली दोन आठवड्यांची शर्यत, भले भले मधेच सोडून देतात. तिनं दर वेळी पूर्ण केली, आणि २०१५ मध्ये सगळ्या पुरुषांच्या गर्दीत नववी आली. पण डाकारच्या आधीपासून ती ट्रायलमध्ये बायकांची जगज्जेती होती. ट्रायल म्हणजे दगडधोंड्यांवरून गाडी काढायची, पाय जमिनीला टेकला की गुण गेले. सगळं उभं राहूनच. तोल सांभाळणं तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं होतं. व्यायामानं अंग तयार होतं, गाडी चालवायला गाडीवरच शिकावं लागतं, असं आमचं मत झालं.

आपल्याकडच्या बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्से हिचं नाव काहीजणींनी ऐकलं असेल. २०१९ मध्ये तिनं बाहा शर्यतींच्या विश्वचषकात महिलांमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच्या आदल्याच वर्षी स्पेनमध्ये शर्यतीत पडून तिच्या स्वादुपिंडाला मोठी इजा झाली होती. तयारीचं अंग असलेल्या मुलीचीही ही गत होते. तेव्हा हेल्मेट, बूट आणि बेताचा वेग यांची जागा कुठलाही व्यायाम घेत नाही. आमच्यात एकजण अजून चपलेवर गाडी चालवते. नाव सांगत नाही, ती इथेच बसली आहे.

हंडे उचलण्याबद्दल जुन्या ताईंचं म्हणणं निम्मं खरं निघालं. डोक्यावरच्या हंड्यानं मान आणि कणा सरळ धरायची सवय लागते. पण गाडीवर धक्का बाजूनं येतो, पिळवटून येतो. त्याला तोंड देण्यासाठी एका हातात भरलेली कळशी घेऊन, खांदे समतोल ठेवून, सरळ चालण्याचा उपयोग होतो. वीस पावलं जायचं, हात बदलून परत यायचं. विकत काही आणावं लागत नाही.

बाकीचे तीन व्यायाम कॅनडातल्या स्टुअर्ट मॅकगिल यांच्यामुळे जगभर माहीत झालेले आहेत. त्यांनी वॉटर्लू विद्यापीठात कण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. एक, गुडघे आणि तळहात टेकून रांगत्या बाळासारखं व्हायचं, आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागे लांब करायचा, मग उलट. पाठीवर ठेवलेली वाटी पडू नये इतपत स्थिर. दोन, कुशीवर कोपर आणि गुडघे टेकून कंबर उचलायची. तीन, पाठीवर झोपून एक गुडघा वाकवून, तळहात कंबरेखाली घेऊन डोकं-खांदे जरासेच उचलायचे. प्रत्येक वेळी आठ-दहा सेकंदच थांबायचं आणि श्वास चालू ठेवायचा. शाळेत करायचो त्या भराभर उठाबश्या, झोपून उठून बसायच्या, त्या नकोत. त्यात कणा वारंवार दुमडतो आणि दुखऱ्या कंबरेला ते झेपत नाही. यांच्या जोडीला मांड्यांसाठी खुर्चीवर बसता-उठताना हात न टेकणं, आणि रोजचं भरभर चालणं.

आता जे सभेत कुणी बोलत नाही ते बोलतो. खड्ड्यात गाडी आदळली की लघवीचे थेंब जातात. पाचजणींपैकी दोघींना हा त्रास होता, आणि सात वर्षं एका गाडीवर बसून दोघींनी एकमेकींना सांगितलं नव्हतं. एकीनं तर याच भीतीनं सकाळपासून पाणी पिणं सोडलं होतं. त्या बंद डब्याचा तळ बाळंतपणात ताणला जातो, तो सैल राहिला तर वरचं पोट कितीही आवळा, दाब खालीच जाणार. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरल्यासारखं आत ओढायचं, थोडं थांबायचं, पूर्ण सोडायचं. असं किमान आठ वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. लघवी करत असताना मधेच थांबवून सराव करू नये. अंग बाहेर आल्यासारखं वाटत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग व्यायाम. आणि पिशवी सरकण्याचं म्हणाल, तर निरोगी बाईची पिशवी गाडी चालवून जागची हलत नाही. तळ सैल होतो तो बाळंतपणं, जुना खोकला, मलावरोध, जड ओझी आणि वाढतं वय यांनी. पोटुशी बाईचा प्रश्न निराळा, तिनं डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आम्ही डिसेंबरपासून तीन महिने आठवड्यातून चार दिवस पंधरा-वीस मिनिटं हे केलं. बचतीच्या वहीसारखी वही ठेवली, दुखण्याला दहापैकी गुण दिले. जुन्या ताईंचे सातवरून तीन-चारवर आले. थेंबांचा त्रास एकीचा जवळपास गेला, दुसरीचा निम्म्यावर आला. धाकटीला मुळात दुखतच नव्हतं, पण तिच्या हाताला मुंग्या यायच्या, त्या थांबल्या.

मात्र याच काळात आम्ही उभं राहून चालवायला शिकलो, आणि गॅरेजवाल्या दादांनी जुन्या ताईंच्या गाडीचे मागचे शॉकअप बदलले. ते पार बसलेले होते, दोन वर्षं कुणी बघितलेच नव्हते. त्यामुळे गुण व्यायामाला द्यायचे की शॉकअपला, यावर आमच्यात अजून वाद आहे. कंबरदुखीवर जे अभ्यास झाले आहेत ते साधारण असं सांगतात, की काहीच न करण्यापेक्षा गाभ्याचा व्यायाम नक्की बरा, पण चालणं आणि इतर व्यायाम यांच्यापेक्षा फार मोठा चमत्कार त्यात नाही. आमच्या वहीला ते पटतं.

पाचवीचं मात्र बिघडलं. तिची कळ कंबरेतून पायात उतरत होती, अंगठा बधिर होता. तिनं आम्हाला सांगितलं नाही, आणि जोमानं व्यायाम करत राहिली. दुखणं वाढलं. दवाखान्यात गादी सरकल्याचं निघालं. आधी विचारायला हवं होतं, ही चूक आम्हा सगळ्यांची. सध्या ती चालते, औषध घेते, गाडी बंद आहे. तिच्या वाड्या आम्ही चौघींनी वाटून घेतल्या आहेत. पायात कळ, बधिरपणा किंवा पाय लुळा पडणं असेल तर व्यायाम सुरू करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि बसण्याची जागा बधिर झाली, किंवा लघवी-संडासवरचा ताबा अचानक गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकलू नका.

जुन्या ताई अजून सहाही वाड्यांवर जातात. एका वाडीची शेवटची चढण त्या गाडीवरून उतरून, गाडी ढकलत चढतात. तिथे आम्हीही उतरतो. बुधवारी सकाळी सात वाजता ग्रामसंघाच्या खोलीत आम्ही जमतो. येणाऱ्यांनी आपापली चटई आणि एक भरलेली कळशी आणावी.