अंगण कुणाचं?

(कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'इंटरनेट आणि आपण' या विषयावर बोल असं मला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी तंत्रज्ञ नाही. सल्ला केंद्रात बसून बायकांच्या तक्रारी लिहून घेणं, त्यांच्याबरोबर पोलीस चौकीत जाणं, कोर्टाच्या तारखा सांभाळणं हे माझं काम. तेव्हा मी जे बोलणार आहे ते त्या टेबलामागे बसून जे दिसलं तेवढंच.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या केंद्राचं पान नाहीसं झालं. एका मोठ्या कंपनीच्या जागेवर आम्ही ते नऊ वर्षं चालवत होतो. पोटगीचा अर्ज कुठे करायचा, माहेरी परत आल्यावर रेशनकार्डात नाव कसं घालायचं, आपल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, असे प्रश्न बायका तिथे विचारायच्या. प्रश्न यायचा रात्री अकराला, घरातले सगळे झोपल्यावर. पहाटेपर्यंत कुणीतरी उत्तर लिहून ठेवलेलं असायचं, आणि बहुतेक वेळा ते आम्ही लिहिलेलं नसायचं. त्यातून आधी गेलेली एखादी बाई लिहायची. "तिथल्या कारकुनाला घाबरू नका, पोच मागून घ्या" हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात सापडणार? ती उत्तरं म्हणजे आमचं खरं दफ्तर होतं.

झालं काय, तर आम्ही स्तनाच्या कर्करोगाची लक्षणं दाखवणारी चित्रं लावली. आशाताईंनीच मागितली होती. ती अश्लील ठरली. आधी चित्रं गेली, दोन दिवसांनी सगळं पानच गेलं. दाद मागायला एक बटण होतं, ते दाबलं. इंग्रजीत दोन ओळींचं उत्तर आलं की फेरविचार झाला, निर्णय कायम. फेरविचार कुणी केला? त्याच्या वरचा साहेब कोण? तहसील कचेरीत आपण काय कमी हेलपाटे घालतो? पण तिथे एक खिडकी असते, खिडकीमागे माणूस असतो, त्याच्याशी भांडता येतं. इथे भिंत होती, खिडकीच नव्हती.

आणि गंमत बघा. त्याच महिन्यात आमच्या एका कार्यकर्तीला कुणीतरी अस्सल मराठीत इतकं घाण लिहिलं की ते मी इथे वाचून दाखवू शकत नाही. तिने तक्रार केली. उत्तर आलं, हे आमच्या नियमांच्या विरुद्ध नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजू नका. ब्राझीलमध्ये २०२० च्या ऑक्टोबरमध्ये एका बाईने इन्स्टाग्रामवर याच आजाराच्या लक्षणांची छायाचित्रं लावली होती. मजकूर पोर्तुगीजमध्ये होता. कंपनीच्या यंत्राने तो काढून टाकला. प्रकरण कंपनीनेच नेमलेल्या देखरेख मंडळापुढे गेलं, तेव्हा कंपनीने चूक कबूल केली, आणि जानेवारी २०२१ मध्ये मंडळानेही काढून टाकणं चूक ठरवलं. त्या एका बाईला न्याय मिळाला. जिचं प्रकरण मंडळापर्यंत पोचतच नाही तिने काय करायचं? २०२१ सालीच फेसबुकची आतली कागदपत्रं बाहेर आली. त्यांत होतं की खोटी माहिती ओळखण्याच्या कामाला दिलेल्या वेळातला ८७ टक्के वेळ एकट्या अमेरिकेसाठी आणि उरलेले १३ टक्के बाकी सगळ्या जगासाठी. हा आकडा अपुरा आहे असं कंपनी म्हणाली. असेल. पण त्या तेरा टक्क्यांत मराठीच्या वाट्याला काय येणार?

इंटरनेट असं जन्माला आलेलं नाही, हे आपल्या नव्या मुलींना सांगायला हवं. १९९३ च्या एप्रिलमध्ये युरोपातल्या 'सर्न' या संशोधन संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सगळ्यांना मोफत खुलं केलं. कुणाची परवानगी नाही, भाडं नाही. १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या वेळी हुआइरोऊला संघटनांचा मेळावा भरला, तिथे संगणक जोडून देण्याचं, बायकांना ई-मेल शिकवण्याचं काम 'एपीसी' या जाळ्याच्या वेगवेगळ्या देशांतल्या बायकांच्या तुकडीने केलं. तारा ओढण्यापासून सगळं बायकांनी! त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्या वर्षी परदेशातल्या मराठी माणसांनी 'मायबोली' उभी केली, स्वतःच्या जागेवर. गूगलचं 'ऑर्कुट' नंतर आलं आणि सप्टेंबर २०१४ मध्ये बंदही झालं. मायबोली आहे.

ई-मेलचंच घ्या. माझा पत्ता एका कंपनीकडे, तुमचा दुसरीकडे, तरी पत्र पोचतं, पोस्टासारखं. पण व्हॉट्सॲपवरून तुम्ही निघालात तर तुमची माणसं मागे राहतात. म्हणून निघता येत नाही. सासर सोडायचं तर मुलं तिथेच ठेवून जा, असं ज्या बाईला सांगितलं जातं तिच्यासारखी गत.

आता एक जिंकलेली लढाई सांगते, कारण आपण हरल्याच्याच गोष्टी फार सांगतो. २०१५ च्या फेब्रुवारीत फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर एक योजना आणली. नंतर तिचं नाव 'फ्री बेसिक्स' ठेवलं. निवडक संकेतस्थळं डेटाचे पैसे न भरता बघायची, त्यात अर्थातच फेसबुक. बाकी काही बघायचं तर पैसे. खरं सांगते, मला सुरुवातीला ती बरीच वाटली होती. गरीब बाईला फुकट मिळतंय तर आपण का आडवं यायचं? आमच्यातल्या एका मुलीने मला समजावलं. ती म्हणाली, "ताई, एसटी फुकट आहे, पण ती मालकाच्या दुकानापाशीच थांबते. कोर्टात जायचं असेल तर तिकीट काढा." आपल्यासारख्यांचं पान त्या यादीत बसायचं तर कंपनीच्या अटी मानायच्या, नाहीतर ज्या बाईसाठी ते लिहिलंय तिलाच ते महाग पडणार.

डिसेंबरात वर्तमानपत्रांत पानं भरभरून जाहिराती आल्या. झुकरबर्ग यांनी स्वतः लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट होती. या योजनेमुळे त्याला हवामान कळलं, बाजारभाव कळले. लेख वाचताना मला प्रश्न पडला, त्या शेतात खुरपणी कोण करतं, आणि तिच्या हातात फोन आहे का? ते त्यात नव्हतं.

त्याआधी एप्रिलमध्येच दहा लाखांवर लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ई-मेल पाठवून इंटरनेट सगळ्यांना सारखं ठेवा असं सांगितलं होतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने निर्णय दिला की मजकूर कोणता आहे हे बघून डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. एवढ्या पैशांपुढे साध्या माणसांची पत्रं टिकली.

पण तो नियम फोन कंपन्यांसाठी. आता भिंत दुसरीकडून आली आहे. आपल्या कितीतरी बायकांसाठी इंटरनेट म्हणजे फोनमधली दोन-तीन चित्रं. आणि फोन तरी कुठे सगळ्यांकडे आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायका ५४ टक्के, आणि कधीतरी इंटरनेट वापरलेल्या ३३ टक्के होत्या. पुरुष ५७ टक्के. एक बाई मला म्हणाली, "तुमची मोकळी जागा चांगली हो ताई, पण माझ्याकडे तेवढं एकच आहे, आणि तेही रात्री मालक तपासतात." म्हणून कंपन्यांची ठिकाणं सोडा असं मी म्हणत नाही. बायका जिथे आहेत तिथे आपल्याला असावंच लागेल.

मात्र दफ्तर तिथे ठेवायचं नाही. आम्ही आता स्वतःच्या नावाचं साधं संकेतस्थळ घेतलंय, दिसायला काही खास नाही. विचारलेला प्रश्न आणि मिळालेलं उत्तर, नावं-गावं गाळून, दर शनिवारी तिथे उतरवतो. जुन्या उत्तरांपैकी काही बायकांनी फोनमध्ये फोटो काढून ठेवली होती, ती मागवून पुन्हा लिहितोय. निम्मीही मिळालेली नाहीत.

दुसरं, हा मागणीचाही विषय आहे. आपल्याकडे स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला व्हॉट्सॲपच्या २०२१ च्या धोरणाबद्दल २१३ कोटींचा दंड केला. 'मान्य करा नाहीतर जा' ही सक्ती आयोगाला मंजूर नव्हती. कंपनी अपिलात गेली. युरोपात २०२४ पासून कायदा सांगतो की बड्या कंपन्यांनी आपली निरोपांची सेवा इतरांना जोडू दिली पाहिजे. म्हणजे बाहेर पडणाऱ्याची माणसं तुटणार नाहीत. हे आपल्याकडे का नको? महागाईच्या मोर्चात हीही मागणी घ्या. कुणी हसलं तर हसू दे, पोटगीच्या मागणीलाही आधी हसलेच होते.

आज एवढं करू या. दाराशी टेबलावर नोंदवही ठेवली आहे. प्रत्येक गटाने त्यात आपला टपालाचा पत्ता, ई-मेल आणि दोघींचे फोन नंबर लिहावेत. ज्या बाईचा फोन घरी तपासला जातो तिचा नंबर लिहू नका, तिच्यापर्यंत निरोप पोचवणारीचा लिहा. वही केंद्राच्या कपाटात राहील आणि तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवू. ती कुठे ठेवायची, तेवढं जेवणाआधी ठरवू या.