चौकटींतला कारकून

कचेरीच्या मोठ्या दालनांत उभ्या पडद्यांनीं आंखलेले चौकोन असतात. त्यांतल्या एकांत बसलेल्या कारकुनाला खिडकी दिसत नाहीं. शेजाऱ्याचा खोकला मात्र स्पष्ट ऐकूं येतो. ना एकांत, ना सोबत! बाहेर पाऊस पडून गेला, हें त्याला घरीं निघतांना कळतें.

आश्चर्य असें कीं, हा चौकोन कारकुनाच्या सुटकेसाठींच जन्मला. अमेरिकेंतील संशोधक रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनीं हर्मन मिलर या फर्निचरच्या कंपनीसाठीं कचेरीची नवी मांडणी योजिली. ती १९६४ सालीं बाजारांत आली. एकाच आसनावर दिवसभर बसल्यानें शरीर व बुद्धि दोन्ही मंदावतात, असें त्यांचें म्हणणें. म्हणून उभ्यानें लिहिण्याचें उंच मेजही तींत होतें. ती महाग पडली. १९६८ सालीं हलवितां येणाऱ्या पडद्यांची दुसरी योजना निघाली. पडदे विशाल कोनांत मांडावे, गरजेप्रमाणें बदलावे, ही मूळ कल्पना. व्यवस्थापकांनीं काटकोन पसंत केला. कारण त्यायोगें थोड्या जागेंत अधिक माणसें मावत. प्रॉप्स्ट २००० सालीं निवर्तले. आपल्या कल्पनेची ही परिणति त्यांना उतारवयांत फार सलली.

पडदा तोच, पण तो हलविण्याची मुभा गेली आणि त्याची भिंत झाली. कामाचा क्रम, बसण्याची जागा, मान वर करण्याची वेळ, यांपैकीं कांहींच स्वतःच्या हातीं उरलें नाहीं, तर राजवाड्यांतलें दालनही कोंडवाडाच होय. कचेरी सुधारूं पाहणाऱ्यानें रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वीं हा अधिकार कारकुनाला परत द्यावा.