मुक्काम दोन रात्रींचा

आज आपण म्हैसूरहून कारवारच्या समुद्रापर्यंत जाणार आहोत, तेही कॅरॅव्हॅनने. कॅरॅव्हॅन म्हणजे अशी गाडी जिच्यात झोपायला पलंग, लहानसा ओटा, फ्रिज आणि संडास-बाथरूम असते. अशा गाड्या आता आपल्याकडे चालकासकट भाड्याने मिळू लागल्या आहेत. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याच वर्षी केरळनेही आणले आणि २०२२ मध्ये वागमोनला तिथले पहिले कॅरॅव्हॅन पार्क सुरू झाले.

जाहिरातीत गाडीचे दार थेट समुद्राकडे उघडलेले असते. ते पाहून वाटते, गाडी ठरवली की आराम आलाच. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. गाडी कितीही चांगली असली, तरी आराम मिळतो तो मुक्कामाच्या जागी. ती जागा आणि तिथला वेळ नीट ठरवला नाही, तर चाके लावलेले घर घेऊनही आपण दमूनच परत येतो.

हे आपल्याला नवीन नाही. वारीत विसावा वेगळा आणि मुक्काम वेगळा. विसाव्याला घटकाभर पाठ टेकायची, मुक्कामाला रात्र काढायची. तंबू, भांडी, शिधा घेऊन पुढे जाणारा दिंडीचा ट्रक म्हणजे आपली जुनी कॅरॅव्हॅनच. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून निघून दिवे घाट चढते आणि सासवडला पोहोचते. तिथे मुक्काम दोन रात्रींचा असतो. घाटानंतर दोन रात्री, हे गणित आपणही उचलू.

म्हैसूर ते कारवार अंतर साधारण पाचशे किलोमीटर. हुणसूर, कुशालनगर, मडिकेरी, मग संपाजे घाट उतरून सुळ्यावरून मंगळुरू. तिथून राष्ट्रीय महामार्ग ६६ धरायचा आणि उडुपी, कुंदापूर, भटकळ, होन्नावर, कुमठा, अंकोला करत उत्तरेला जायचे. मोटारीने काही जण हे एका दिवसात करतात. कॅरॅव्हॅनने करू नका. ही गाडी उंच आणि जड असते, घाटाच्या वळणावर डुलते. गाडी चालू असताना पलंगावर कोणी झोपायचे नाही, ओट्यावर चहा ठेवायचा नाही. सगळ्यांनी सीटवर, पट्टा लावून बसायचे. म्हणून पहिली रात्र मंगळुरू-उडुपीच्या आसपास, दुसऱ्या दिवशी कारवार, तिथे दोन रात्री आणि परतताना वाटेत आणखी एक. चार रात्री, पाच दिवस. तेवढी रजा नसेल, तर कारवारऐवजी उडुपीजवळचाच किनारा धरा, पण दोन रात्री सोडू नका.

आता थांबायचे कुठे? या रस्त्यावर मोह फार. कुंदापूरच्या पुढे मरवंते येते. तिथे महामार्गाच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी. कोणालाही वाटेल, इथेच गाडी लावावी आणि रात्र काढावी. उतरा, पाहा, पाय ओले करा, पण तो विसावा समजा. मागून ट्रक भरधाव येत असतात.

रस्त्याकडेला थांबणे किती महागात पडू शकते, हे याच महामार्गाने दाखवले आहे. अंकोल्याजवळ शिरूर नावाचे गाव आहे, आपले पुण्याकडचे नव्हे. १६ जुलै २०२४ ला सकाळी तिथे डोंगर महामार्गावर कोसळला. चहाच्या हॉटेलापाशी थांबलेली माणसे आणि गाड्या त्यात सापडल्या. ढिगाऱ्याबरोबर गंगावळी नदीत गेलेला एक ट्रक बाहेर काढायला सप्टेंबर उजाडला. म्हणून पावसाळ्यात ही सहल नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. आणि एरवीही, कापलेल्या डोंगराच्या पायथ्याशी गाडी लावायची नाही.

दुसरी गोष्ट खास कॅरॅव्हॅनची. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. तपासात कारण निघाले कार्बन मोनॉक्साइड, गाडीच्या जनरेटरचा वायू आत शिरला होता. या वायूला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला काहीच कळत नाही. एसीसाठी रात्रभर जनरेटर किंवा इंजिन चालू ठेवून बंद गाडीत झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. वीज बाहेरून, रिसॉर्टच्या पॉइंटवरूनच घ्यायची. ती मिळत नसेल तर जनरेटर बंद ठेवायचा, खिडक्या उघडायच्या आणि जाळी लावायची. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारा छोटा अलार्म मिळतो, तो गाडीत आहे का, हे भाड्याने देणाऱ्याला आधी विचारा.

म्हणून रिसॉर्ट ठरवताना फक्त फोटो पाहू नका, फोन करा. कॅरॅव्हॅन आवारात रात्रभर उभी करू देता का? फाटकाची कमान आणि झाडांच्या फांद्या यांतून एवढ्या उंचीची गाडी आत येईल का? जागा सपाट आणि टणक आहे, की वाळू आहे? एसीचा भार घेईल असा मोठा पॉइंट आहे का? टाकीत पाणी भरता येईल का? आणि सर्वात महत्त्वाचे, गाडीतला मैला कुठे सोडायचा? ओट्याचे पाणी एका टाकीत साठते, संडासचे दुसऱ्या. ती दुसरी टाकी सेप्टिक टँकमध्येच रिकामी व्हायला हवी. खाडीत किंवा सुरूच्या बनात नाही. त्याच खाडीत कोणाची तरी जाळी असतात, कोणाच्या तरी घरचे शिंपले तिथूनच येतात.

हे सगळे ऐकून कोणी म्हणेल, मग कॅरॅव्हॅन हवीच कशाला? हवी, आणि त्याचे कारण आपल्या घरातल्या बायकांना आणि म्हाताऱ्यांना बरोबर माहीत आहे. वाटेत स्वच्छ संडास मिळणार नाही, म्हणून त्या निघण्यापूर्वी पाणीच पीत नाहीत. गुडघे दुखणारी आजी सहलीला नको म्हणते, ती समुद्राला कंटाळून नाही. तिला घरच्यासारखी कमोडची सोय मिळाली, तर ती पहिली तयार होते. या एका गोष्टीसाठी मी कॅरॅव्हॅनच्या बाजूने उभा आहे.

पण गाडीतला ओटा मात्र सांभाळून. सुटीवर ओटा बरोबर नेला, की ओट्यामागची बाईही बरोबर जाते. घरी पोळ्या, गाडीत पोळ्या, आणि बाकीचे किनाऱ्यावर. तेव्हा निघण्यापूर्वीच ठरवा, मुक्कामाच्या दोन दिवसांत ओट्यावर फक्त चहा आणि लेकरांचे दूध. जेवण रिसॉर्टमध्ये किंवा गावातल्या खानावळीत. कारवारी माशाचे जेवण असताना गाडीत खिचडी कशाला?

आणि चालक. त्याला पुढच्या सीटवर झोपायला सांगू नका. त्याच्यासाठी खोली किंवा निदान नीट पलंग आधीच ठरवा. परतीच्या घाटात आपल्या सगळ्यांचा जीव त्याच्या झोपेवर असतो.

आता कारवार. आत वळलेला किनारा, मागे डोंगर, समोर बेटे, त्यामुळे हिवाळ्यात इथले पाणी बरेच शांत असते. काळी नदी इथे समुद्राला मिळते. तिच्या उत्तर काठावर सदाशिवगड आणि देवबागचा किनारा. बुकिंग करताना राज्य तपासा, कारण मालवणजवळही देवबाग आहे, कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मध्ये. कारवारात कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही कानावर पडतात, आपल्याला परके वाटत नाही.

१८८३ मध्ये बावीस वर्षांचे रवींद्रनाथ ठाकूर इथे येऊन राहिले होते. त्यांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ इथे न्यायाधीश होते. ‘प्रकृतीर प्रतिशोध’ हे नाटक रवींद्रनाथांनी इथे लिहिले. ते धावत्या भेटीला आले नव्हते, मुक्कामाला आले होते. गावचा किनारा आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

तुमच्या दोन दिवसांतल्या पहिल्या दिवशी काहीही ठरवू नका. सकाळी किनाऱ्यावर चाला, दुपारी झोपा, संध्याकाळी आजीसाठी खुर्ची ओल्या वाळूच्या अलीकडे ठेवा. नदीच्या मुखाशी मात्र पोहायला उतरू नका, ओहोटीला पाणी बाहेर ओढते. दुसऱ्या दिवशी ज्याला वाटेल त्याने सदाशिवगड पाहावा किंवा किनाऱ्यावरचे युद्धनौकेचे संग्रहालय. ज्याला वाटणार नाही त्याने झाडाखाली पडून राहावे, त्याला कोणी उठवू नये.

निघण्यापूर्वी घरातल्या प्रत्येकाला, चालकालाही, एक विचारा: या सहलीत तुला कोणते काम नको आहे? उत्तरे कागदावर लिहा, आणि मगच रिसॉर्टला फोन लावा.