गावातले फोटो, गावाचे प्रदर्शन



व्याख्यानमालेत एखाद्या कवीवर, संतावर किंवा ग्रंथावर बोलण्याची आपली रीत आहे. आज मी तुमच्या घरातल्या फोटोंवर बोलणार आहे. माळवदाच्या घरात तुळईखाली तिरक्या टांगलेल्या चौकटी, ट्रंकेत धोतराच्या पानात गुंडाळलेला एखादा ग्रुप फोटो, पंचांगात ठेवून विसरलेली दोन इंची चित्रे, या सगळ्यांचे एक गावचे प्रदर्शन या हिवाळ्यात तुम्ही भरवावे, ही माझी विनंती आहे. ते कसे भरवावे, आणि त्यात अडचणी कोणत्या, तेवढेच आज सांगतो.

आधी हे पाहू, की आपल्याकडे फोटो आले कसे. १८३९ साली पॅरिसमध्ये छायाचित्रणाची कला जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कामात होते. म्हणजे मराठी माणसाच्या हातात कॅमेरा फार लवकर आला. आपल्या भागात मात्र तो पाहुणा म्हणून आला, आणि आला तो दगडांचे फोटो काढायला. विजापूरच्या इमारतींच्या छायाचित्रांचे मोठे पुस्तक १८६६ साली लंडनला छापले गेले. त्यातला इतिहास सुरपूरला पूर्वी अधिकारी असलेल्या मेडोज टेलरने लिहिला. पुढे जेम्स बर्जेसने १८७५-७६ च्या मोसमात बीदर आणि औरंगाबाद जिल्ह्यांतल्या अवशेषांची पाहणी केली आणि १८७८ साली अहवाल काढला. निजामाच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ यांनी दरबार, वाडे, शिकारी आणि सरदार टिपले. १८९२ साली त्यांनी हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईकडे सोपवला. घुमट आणि दरबारी लोक असे छापून राहिले. त्या घुमटांच्या सावलीत ज्वारी पेरणाऱ्यांचे चित्र काढायला कोणी आले नाही.

ते चित्र पुढे आपल्याच लोकांनी पैसे मोडून काढून घेतले. रेल्वे १८७१ मध्ये रायचूरपर्यंत आणि १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेपर्यंत पोहोचली, तेव्हा सोलापूर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे एका दिवसाच्या टप्प्यात आली. लग्न ठरले, मुलगा वकिलीची परीक्षा पास झाला, कोणी काशीला निघाले, की स्टुडिओ गाठायचा. मागे रंगवलेला पडदा, बाजूला तिपाईवर फुलदाणी, हातात न वाचलेले पुस्तक. १९६० नंतर अग्फा क्लिक थ्री आला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रे यायची. ज्या घरी तो कॅमेरा होता, त्या घरच्या मुंजी, बारशी आणि गाणगापूरच्या वाऱ्या आज पाहायला मिळतात.

आता प्रश्न असा, की हे फोटो घरातच असू द्यावेत, प्रदर्शन कशाला? कारण एकच आहे. फोटो टिकला तरी त्यातल्या माणसाचे नाव टिकत नाही. फोटोतली तिसरी बाई कोण, हे सांगू शकणारी एखादी आजी तुमच्या गल्लीत आज आहे. ती गेली, की तो कागद कोणाच्याच कामाचा राहत नाही. घराच्या वाटण्या होतात, माळवद उतरवून स्लॅब पडतो, आणि "हे कोण आहेत?" याला कोणी उत्तर दिले नाही, की चौकट मोडीत आणि फोटो चुलीत जातो. आपल्या मराठी घरांपुढे आणखी एक गोष्ट आहे. नातवंडे कन्नड शाळेत जातात, ते योग्यच आहे. पण फोटोच्या पाठीवर आजोबांनी मोडीत लिहिलेली ओळ त्यांना वाचता येत नाही, आणि बऱ्याचदा आपल्यालाही येत नाही.

म्हणून पहिले काम फोटोची पाठ वाचण्याचे. तारीख दिसली तर घाई करू नका. आपल्याकडे तीन-तीन काळ एकाच घरात नांदत होते. शक असेल तर ७८ मिळवा, म्हणजे साधारण इसवी सन येते. निजामी फसली असेल तर ५९० मिळवा. पण ते वर्ष साधारण ऑक्टोबरात, आझूर महिन्यात सुरू होई, म्हणून जानेवारीनंतरच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. फसली १३५० म्हणजे १९४० चा ऑक्टोबर ते १९४१ चा सप्टेंबर. दै, बहमन, खुर्दाद अशी महिन्याची नावे दिसली, की तो फसलीच समजा. मोडी वाचणारे कोणी आणि उर्दू वाचणारे कोणी, असे दोघे जण तुमच्या मंडळींत हवेत. उर्दू वाचणारे वडीलधारे शेजारच्या मोहल्ल्यात सहज भेटतील, आणि त्यांना या कामात बोलावणे हाच प्रदर्शनाचा अर्धा लाभ आहे.

दुसरे काम जमवण्याचे. यासाठी हिवाळाच का, ते सांगतो. पावसाळ्यात फोटोला दमट हवा लागते. चित्र काचेला चिकटते, बुरशी धरते. उन्हाळ्यात आपल्या गुलबर्ग्यात दुपारी घराबाहेर पाय टाकवत नाही. मार्गशीर्ष-पौषात हवा कोरडी असते आणि सकाळचे ऊन मऊ असते. शिवाय त्याच काळात एळ्ळ अमावस्या येते. लातूर-उस्मानाबादकडचे आपले सोयरे तिला वेळ अमावस्या किंवा येळवस म्हणतात. त्या दिवशी पुणे, हैदराबाद, बंगळूरला गेलेली मुले शेतात भज्जी आणि आंबील खायला घरी येतात. फोटोतली माणसे ओळखू शकणारे सगळे एका दिवशी एका शिवारात जमतात, असा दुसरा दिवस वर्षात नाही. प्रदर्शन त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पुढे तुरीची रास सुरू झाली, की कोणाला सवड उरत नाही.

फोटो मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका, वही घेऊन जा. घराचा क्रमांक, फोटोचा क्रमांक, देणाऱ्याची सही. शक्य असेल तिथे फोटो घराबाहेर नेऊच नका. ओसरीत बसून तिथेच नक्कल करून घ्या. मोबाइलने काढणार असाल तर फ्लॅश बंद करा, उन्हात नको, ओसरीच्या सावलीत फोटो सपाट ठेवा आणि मोबाइल बरोबर वर, आडवा धरा. काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका, तो फाटतोच. काचेवरची चमक टाळून तसाच टिपा. स्कॅनर मिळाला तर छोट्या फोटोंना मोठा आकडा द्या. दोन इंच बाय तीन इंचाचा फोटो ६०० डीपीआयला घेतला तर चांगली छपाई चार बाय सहा इंचांपर्यंतच होते. १२०० ला घेतला तर आठ बाय बारापर्यंत जाते. पाठीवर नाव लिहायचे तर मऊ पेन्सिलने, काठाला. बॉलपेनची रेघ पुढच्या बाजूला उमटते. सेलोटेप तर मुळीच नको, तिचा पिवळा डाग जन्मात जात नाही. आणि भिंतीवर नेहमी नक्कल लावायची. मूळ फोटो ज्याचा त्याच्या घरी राहू द्या.

आता अवघड भाग. कोणाचे फोटो आहेत आणि कोणाचे नाहीत, हे भिंत भरू लागली की लगेच दिसते. आळंद, अफझलपूर, बसवकल्याण, भालकी, औराद, कुठल्याही तालुक्यातले गाव घ्या. देशपांडे, कुलकर्णी, पाटील, सावकार यांचे फोटो डझनाने निघतील. ज्यांनी त्यांची शेते कसली, विहिरी खोदल्या, त्यांच्या घरचा पहिला फोटो १९९३ नंतरच्या मतदार ओळखपत्रावरचा असेल. एवढ्यावर थांबलात तर ते गावाचे प्रदर्शन होणार नाही, चार वाड्यांचे होईल. यावर दोन उपाय आहेत. एक, ओळखपत्रावरचा तो छोटा फोटोही त्या घराने दिला तर इतरांच्याच मापात छापा आणि इतरांच्याच ओळीत लावा. दोन, वाड्यांच्या फोटोंत कडेला उभे असलेले लोक पाहा. बैलगाडीचा कासरा धरलेला, दिवाणखान्याच्या दाराशी उभा असलेला, मुलाला कडेवर घेतलेली बाई. त्यांची नावे विचारा. मालकाच्या घरी ती माहीत नसतील, पण त्यांच्या नातवंडांना ठाऊक असतात.

जागाही याच हिशेबाने निवडा. मारुतीच्या देवळाचा सभामंडप मोठा असेल, सोयीचाही असेल. पण तिथे पाऊल टाकताना गावातला एक जरी माणूस बिचकत असेल, तर शाळेची खोली किंवा ग्रामपंचायतीचा व्हरांडा घ्या.

बायकांच्या नावांचेही तसेच. जुन्या फोटोखाली पुरुषांची पूर्ण नावे आणि बायकांपुढे नुसते 'सौ.' असे दिसते. सासरचे नाव, माहेरचे नाव आणि माहेरचे गाव, तिन्ही लिहा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्ये बदलली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बाकीच्यातला बराच भाग म्हैसूरकडे आला. आपल्या कितीतरी आज्यांचे माहेर त्या दिवशी परराज्यात गेले. लग्नाच्या ग्रुप फोटोत दोन्हीकडची माणसे एकाच सतरंजीवर बसलेली आहेत. सीमेविषयी कितीही भाषणे झाली, तरी ती सतरंजी जे सांगते ते भाषणात येत नाही.

आणि एक काळ असा आहे, की ज्याचे फोटो मागताना आवाज खाली आणावा लागतो. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या भीतीने कितीतरी घरे रातोरात सोलापूर-बार्शीकडे गेली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर मुसलमान घरांवर जे गुदरले, तेही याच मातीत घडले. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ज्या चार जिल्ह्यांत सर्वांत जास्त हानी नोंदवली, त्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर गुलबर्गा आणि बीदर होते. त्या काळात गेलेल्या माणसाचा फोटो कोणाच्या घरी असेल तर तो मागू नका. घरच्यांनी आपण होऊन दिला तरच लावा. लावलात तर खाली नाव, गाव, जन्म आणि मृत्यूचे वर्ष एवढेच लिहा. कोणी मारले, हे फोटोखाली लिहिण्याची गोष्ट नाही, आणि दोन्ही बाजूंचे फोटो एकाच ओळीत असू द्या. एका बाजूचे दुःख भिंतीवर आणि दुसऱ्या बाजूचे ट्रंकेत, असे झाले तर प्रदर्शन न भरवलेले बरे. हा निर्णय एकट्याने घेऊ नका. दोन्ही समाजांतल्या दोन-दोन वडीलधाऱ्यांना आधी सगळी भिंत दाखवा, आणि त्यांनी एखादा फोटो काढायला सांगितला तर वाद न घालता काढा.

मांडणीला खर्च फार लागत नाही. सुतळी ताणा, कपड्यांचे चिमटे लावा, आठ बाय बाराच्या नकला टांगा. एक ओळ मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, एक खाली मुलांसाठी. मजकूर मराठीत आणि कन्नडात, दोन्ही सारख्या आकारात. उर्दू लिहिणारे मिळाले तर तिन्हींत. रात्री फोटो उघड्यावर ठेवू नका, पहाटेच्या दवाने कागद लोळतो. कडब्याच्या मांडवात दिवा-उदबत्ती नको.

शेवटची भिंत बिननावांची ठेवा. ज्यांची ओळख पटलेली नाही ते सगळे फोटो तिथे लावा, प्रत्येकाखाली कोरा कागद, आणि दोऱ्याला बांधलेली पेन्सिल. वर एवढेच लिहा: "ओळखत असाल तर नाव लिहा." कोणाला लिहिता येत नसेल तर शाळेतले एक पोर जवळ बसवा. कागद ज्या भाषेत भरेल त्या भाषेत भरू द्या. दोन नावे आली तर दोन्ही राहू द्या, खोडू नका. दोघांनाही नंतर घरी जाऊन विचारा.

प्रदर्शन उतरवल्यावर खरे काम सुरू होते. सगळ्या नकला आणि वहीची प्रत तीन ठिकाणी ठेवा: एक गावच्या शाळेत, एक आपल्या मंडळाच्या ग्रंथालयात, एक परगावी असलेल्या एखाद्या विश्वासू घरात. मोबाइलमधले फोटो मोबाइलबरोबर जातात, म्हणून एक संच कागदावर छापलेला असावा. ज्यांनी फोटो दिले, त्या प्रत्येक घराला एक चांगली नक्कल भेट द्या. पुढच्या वर्षी मागायला गेलात तर तेच घर आतली दुसरी ट्रंक उघडेल.

श्रोतेहो, आपण या भागात पिढ्यान्पिढ्या राहिलो. मराठी बोललो, कन्नड शिकलो, उर्दूत अर्ज लिहिले. या राहण्याचा पुरावा सातबाऱ्याच्या उताऱ्यात थोडा आहे आणि देवळांच्या शिलालेखांत थोडा आहे. तुमच्या तुळईखालच्या चौकटीत तो बराच आहे. घरी गेल्यावर आज एवढेच करा. एक फोटो खाली काढा, धूळ कोरड्या मऊ कापडाने पुसा, आणि घरातल्या सर्वांत थोर माणसाजवळ बसून विचारा, यात कोण कोण आहे. सांगतील ती नावे लगेच वहीत लिहा. उद्यावर ठेवू नका.