हुकमाबाहेरची मज्जासंस्था



कोकणातल्या घराच्या पडवीत सरपण रचून ठेवलेलं असतं. अंधारात कुणीतरी दोन लाकडं ओढायला हात घालतं आणि बोटाला लाल विंचवाची नांगी बसते. विंचू जेमतेम बोटाच्या लांबीचा. पण पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात जे घडू लागतं, ते ज्यानं एकदा पाहिलं तो विसरत नाही. विशेषतः डसलेलं माणूस म्हणजे लहान मूल असेल तर. पोराला इतका घाम फुटतो की सदरा पिळून काढावा. उलट्या होतात, तोंडाला लाळ सुटते. मग हातपाय गार पडत जातात, नाडी धावायला लागते, रक्तदाब चढतो. वेळेवर योग्य उपचार मिळाला नाही, तर काही तासांत खोकला सुरू होतो, तोंडाशी गुलाबी फेस येतो. फुप्फुसांत पाणी भरलेलं असतं.

हे सगळं कुणी केलं? विष तर बोटात गेलं होतं. घाम, उलटी, लाळ, गार हात, धावणारी नाडी, यातलं बहुतेक काम विषानं परस्पर केलेलं नसतं. विषानं मज्जातंतूंना चेतवलं आणि पुढचं त्यांनी केलं. म्हणून मज्जासंस्थेविषयी बोलायला मला विंचवापासून सुरुवात करावीशी वाटली. कारण विंचू जिला हात घालतो ती मज्जासंस्था आपल्या हुकमात नसते, आणि म्हणूनच आपल्याला ती ठाऊकही नसते.

शाळेत शिकलेला नकाशा थोडक्यात आठवू या. कवटीत सुमारे 1,300 ते 1,400 ग्रॅम वजनाचा मेंदू. त्यातून निघून पाठीच्या कण्यातून खाली उतरणारा मज्जारज्जू, लांबी साधारण 45 सेंटिमीटर. तो कण्याच्या टोकापर्यंत जात नाही, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. मेंदूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या 12 जोड्या, मज्जारज्जूतून निघणाऱ्या 31. यातले काही तंतू स्पर्श, उष्णता, वेदना यांच्या खबरा वर नेतात, काही स्नायूंना हुकूम देतात. हात उचलायचा ठरवला की हात उचलला जातो, तो यांच्यामुळे. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

पण जेवलेला भात पोटात पुढे सरकतो, उन्हातून घरात आल्यावर डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, झोपेत रात्रभर हृदय चालतं, त्यासाठी आपण काहीच ठरवत नाही. हा कारभार स्वायत्त मज्जासंस्थेचा. तिच्या दोन शाखा आहेत. अनुकंपी शाखा छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातल्या मज्जारज्जूतून निघते. कण्याच्या दोन्ही बाजूंना गाठीगाठींची एकेक साखळी खाली उतरते, ती तिचीच. परानुकंपी शाखा मेंदूच्या बुंध्यातून आणि मज्जारज्जूच्या अगदी खालच्या टोकातून निघते. धावपळ, भीती, थंडी, रक्तस्राव अशा वेळी पहिलीचा जोर वाढतो. जेवण, विश्रांती, झोप यांत दुसरीचा.

श्रोतेहो, बसल्या जागी एक करून पाहा. उजव्या हाताची दोन बोटं डाव्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला ठेवा. नाडी सापडली? आता सावकाश, खोल श्वास आत घ्या आणि तितक्याच सावकाश सोडा. पुन्हा एकदा करा. श्वास आत जाताना ठोके किंचित लगबगीनं पडतात आणि बाहेर सोडताना संथ होतात. तरुण माणसांत हा फरक बोटाला स्पष्ट कळतो, वयाबरोबर तो कमी होत जातो. ज्यांचा मधुमेह बरीच वर्षं आटोक्याबाहेर आहे, त्यांच्यात तो कधीकधी नाहीसाच होतो. तुमच्या बोटाखाली आत्ता जे जाणवलं ते व्हेगस या मज्जातंतूचं काम. हा मेंदूच्या बुंध्यातून निघतो, मानेत रक्तवाहिन्यांच्या शेजारून उतरतो, हृदय, फुप्फुसं, जठर करत थेट आतड्यांपर्यंत जातो. त्यातले बहुसंख्य तंतू हुकूम खाली नेत नाहीत, पोटातल्या-छातीतल्या खबरा वर आणतात.

हृदयाला धडधडण्यासाठी मज्जातंतू लागत नाही. ठोका त्याच्या स्वतःच्या पेशींतून उमटतो आणि मोकळं सोडलं तर ते मिनिटाला शंभरच्या आसपास ठोके देतं. ज्यांच्यावर हृदयाचं प्रत्यारोपण झालं आहे, त्यांची विश्रांतीतली नाडी अशीच जलद असते, कारण नव्या हृदयाचे मज्जातंतू शस्त्रक्रियेत तुटलेले असतात. तुमची-माझी नाडी सत्तरवर असते, ती व्हेगसनं कासरा ओढून धरलेला असतो म्हणून. आपण ज्याला शांतपणा समजतो, तेही शरीरात कुणीतरी सतत करत असलेलं काम आहे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

व्हेगस हृदयाला हे सांगतो कसं? ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या ओटो लोवी यांनी 1921 मध्ये याचं उत्तर प्रसिद्ध केलं. प्रयोग इतका साधा की आजही विद्यार्थ्यांना सांगताना आनंद होतो. बेडकाची दोन हृदयं क्षाराच्या पाण्यात धडधडत ठेवली. एकाचा व्हेगस शाबूत होता. त्याला विजेचा हलका झटका दिल्यावर ते हृदय मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं पाणी उचलून दुसऱ्या हृदयावर सोडलं, ज्याला कुठल्याही मज्जातंतूनं चेतवलं नव्हतं. तेही मंदावलं. म्हणजे व्हेगसच्या टोकातून कुठलातरी पदार्थ पाण्यात उतरला होता. तो अ‍ॅसिटिलकोलिन. हेन्री डेल यांच्याबरोबर लोवींना 1936 चं नोबेल पारितोषिक मिळालं. मज्जातंतूतून वाहते ती वीज. पण टोकाशी पोचल्यावर निरोप पुढे जातो तो बहुतेक ठिकाणी रसायनाच्या हातून. अनुकंपी तंतूंच्या टोकांतून बहुतेक जागी निघतं ते नॉरअ‍ॅड्रिनलिन. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा ग्राहकांवर, म्हणजे निरोप टिपणाऱ्या रेणूंवर, जाऊन बसतं आणि वाहिनी आवळली जाते.

आता विंचवाकडे येऊ. विसावलेल्या मज्जातंतूचा आतला भाग बाहेरच्या मानानं साधारण 70 मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश येतो तेव्हा तंतूच्या आवरणातली सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतो, आणि सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास दारं आपोआप बंद होतात. संदेश पुढे सरकतो, मागचा तुकडा पुन्हा तयार होतो. हे बंद होणं उघडण्याइतकंच महत्त्वाचं. लाल विंचवाच्या विषातली प्रथिनं नेमकी या बंद होण्यात आडवी येतात. तंतू कुणी न सांगता पुन्हा पुन्हा पेटत राहतो. दोन्ही शाखा एकदमच खवळतात. आधी परानुकंपी लक्षणं दिसतात, उलटी आणि लाळ. मागोमाग अनुकंपी शाखेचं वादळ येतं. हातापायांच्या रक्तवाहिन्या इतक्या आवळतात की त्वचा गार पडते, हृदयाला त्या आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलावं लागतं, ते थकतं, आणि मागे तुंबलेल्या रक्तातलं पाणी फुप्फुसांत झिरपतं.

हे कोडं सुटलं ते आपल्या रायगड जिल्ह्यात. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 च्या सुमारास रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र-रात्र अशा रुग्णांच्या उशाशी बसले, कधी घाम आला, कधी हात गार पडले, नाडी किती, दाब किती, हे लिहीत राहिले. त्या काळी विंचूदंशात जवळजवळ दर तिसरा-चौथा गंभीर रुग्ण दगावत असे. घाम थांबावा म्हणून अ‍ॅट्रोपिन दिलं जाई. पण अ‍ॅट्रोपिन व्हेगसचा परिणाम पुसून टाकतं, म्हणजे हृदयाला आवरणारं जे काही उरलं होतं तेही जातं. डॉ. बावस्करांनी नोंदींवरून ओळखलं की मारतं ते अनुकंपी वादळ. मग ते वादळ जिथे पोचतं तो अल्फा ग्राहकच अडवला तर? रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध नेमकं तेच करतं. साधी, स्वस्त, तोंडानं घ्यायची गोळी. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी हे निष्कर्ष 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. प्राझोसिन रुळल्यावर त्यांच्याकडच्या रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या घरात आलं. पुढे विंचवाच्या विषावरची लसही आली, आणि लस व प्राझोसिन दोन्ही दिल्यास रुग्ण आणखी लवकर बरा होतो, हे त्यांनी 2011 मध्ये दाखवलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्या पुरस्काराहून त्या रात्रींच्या वह्या मोलाच्या वाटतात. शरीरशास्त्राच्या पुस्तकात अल्फा ग्राहक आम्ही सगळ्यांनीच वाचला होता. गार पडलेला चिमुकला हात हातात धरून तो आठवणं ही वेगळी गोष्ट आहे.

प्राझोसिन घेतलेल्या रुग्णाला निजवूनच ठेवावं लागतं. तो एकदम उठून बसला तर भोवळ येते. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरहून जास्त रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरतं. एरवी अनुकंपी तंतू क्षणार्धात वाहिन्या आवळून मेंदूचा रक्तपुरवठा टिकवतात. तो मार्ग औषधानं अडवलेला असतो. म्हणून ही गोळी कुणी घरात आणून ठेवून स्वतःच्या मनानं देऊ नये. आणखी एक सांगतो. जागेवर ठणका फार आहे म्हणजे धोका फार, असं नसतं. पुष्कळदा ज्याला नुसताच ठणका लागतो तो सकाळपर्यंत बरा होतो, आणि ज्याचं फारसं दुखत नाही तोच घामानं निथळत असतो. घाम, उलटी आणि गार हातपाय दिसले की उतारा, मंत्र, कांद्याचा रस यांत एक मिनिटही घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

विंचवाच्या अगदी उलट करते ती मण्यार ही सापाची जात. ही रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की पुष्कळदा जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा दुखतो, मग पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांवर घाला घालतं, जिथून स्नायूंसाठी अ‍ॅसिटिलकोलिन सुटतं त्या टोकांवर. विंचू तंतूला गप्प बसू देत नाही. मण्यार त्याची वाचाच बंद करते. आणि तिचा मुख्य मारा असतो तो आपल्या हुकमातल्या स्नायूंवर. हात उचलत नाही, डोळा उघडत नाही, शेवटी श्वासाचे स्नायू थांबतात. हृदय मात्र सहसा चालू असतं, आणि मेंदूही जागा असतो.

हे मी मुद्दाम सावकाश सांगतो आहे. मण्यार चावलेला माणूस निपचित पडलेला असतो, श्वास घेत नाही, पापणी उचलून बॅटरी मारली तर बाहुली हलत नाही. कुणालाही वाटावं, संपलं. पण बाहुली आवळणारे तंतूही परानुकंपी शाखेचे, आणि त्यांचीही टोकं याच विषानं निकामी होऊ शकतात. तेव्हा नुसत्या बाहुलीवरून निकाल देता येत नाही. तो शेजारी उभ्या असलेल्या माणसांचं बोलणं ऐकत असू शकतो. अशा रुग्णाला तोंडानं किंवा पिशवीनं श्वास देत देत, वाटेत न थांबता, व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पोचवावं लागतं. सर्पदंशावरची लस लवकर द्यायचीच, पण निकामी झालेली टोकं लसीनं परत येत नाहीत. ती शरीराला नव्यानं उगवावी लागतात. त्याला कधी काही दिवस लागतात, कधी काही आठवडे. तेवढा काळ यंत्रानं श्वास चालू ठेवला, तर माणूस आधी पापणी हलवतो, मग बोट, आणि पुष्कळदा आपल्या पायांनी घरी जातो.